फोटोच्या खोलीचं दुसरं दार

डोंगरकडा मागं टाकून नांदेडकडं निघालं की केळीच्या बागा रस्त्याला खेटून चालायला लागतात. मधेमधे हळदीची रानं येतात. पुढं एका फाट्यावर तीन गावांच्या वाटा मोठ्या सडकेला मिळतात आणि तिथंच पंचक्रोशी मंडळाचा दवाखाना आहे. हा दवाखाना सरकारचा नाही आणि कुणा शेटजीचाही नाही. आजूबाजूच्या गावांनी जागा दिली, लांबच्या दानशूर लोकांनी भिंती उभ्या करून दिल्या, आणि आत राबणारी माणसं इथल्याच मातीची आहेत. त्या माणसांत सत्तावीस वर्षं एकाच खोलीत उभा असलेला माणूस म्हणजे भीमराज.

खोलीवर 'क्ष-किरण विभाग' अशी पाटी आहे. ती कुणी वाचत नाही. सारा मुलूख तिला फोटोची खोली म्हणतो, आणि भीमराजला फोटोवाला.

भीमराज उंच, सडपातळ. अंगात रोज इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांचा भांग रेघ मारल्यासारखा. बारावीनंतर त्यानं नांदेडला एक वर्षाचा कोर्स केला. बाकीचं सगळं त्याला त्या खोलीनं शिकवलं. सुरुवातीला लाल दिव्याच्या अंधारात फिल्म औषधाच्या पाण्यात बुडवावी लागे, आणि मग धुक्यातून झाड दिसावं तसं हाड हळूहळू वर येई. ते वर येताना बघणं हे भीमराजचं पहिलं प्रेम. बायको पंचफुला त्याच्या आयुष्यात त्यानंतर आली. तिला हे ठाऊक होतं आणि तिनं ते चालवून घेतलं.

माणसाचा चेहरा तो विसरे, हाड विसरत नसे. आठवडी बाजारात वांगी निवडता निवडता एखाद्या म्हाताऱ्याला म्हणे, काका, डावं कोपर थंडीत ठणकत असेल ना. म्हातारा चकित होई. बारा वर्षांपूर्वी बैलगाडीवरून पडला होता, ते त्याच्याही ध्यानात नसे.

पण त्याची खरी कीर्ती होती ती तांड्यांवर. दवाखान्याच्या उत्तरेला माळावर बंजाऱ्यांचे चार तांडे आहेत. तिथल्या जुन्या बाया अजून अंगभर दागिना घालतात. दंडापर्यंत चुडा, कानांजवळ केसांत गुंफलेली चांदीची घुगरी. नवरा जिवंत आहे तोवर हे अंगावरून उतरवायचं नाही, अशी रीत. आणि फोटोला तर धातू चालत नाही, हाडावर त्याची पांढरी सावली पडते. शहरातले लोक सरळ म्हणायचे, काढा. बाई उठून निघून जायची. 'काढ' म्हणणं म्हणजे तिच्या नवऱ्याचं मरण चिंतणं. भीमराजनं कधी कुणाला काढ म्हटलं नाही. तो हात वळवी, खांदा कलता करी, यंत्राचं तोंड तिरपं धरी, आणि नेमकं मोडलेलं हाड चुड्यांच्या मधल्या फटीतून उचली. नांदेडच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं की हा कोन कुठल्या पुस्तकातला. भीमराज म्हणाला होता, तांड्याच्या.

या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. आपल्या खोलीतून बाई माणूस कधी रिकामं गेलं नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगे.

त्याच्या मनात एक इच्छाही होती, आणि ती साऱ्या दवाखान्याला माहीत होती. सीटी स्कॅनचं यंत्र यावं. मोटारसायकलवरून पडलेली, डोक्याला मार लागलेली पोरं रस्त्यावरून आणली जात, आणि भीमराजच्या यंत्राला डोक्याच्या आतलं दिसत नसे. मग 'नांदेडला न्या' म्हणावं लागे. ते म्हणताना त्याला लाज वाटे, जणू घरी आलेला पाहुणा जेवल्याशिवाय परत जातोय. तीन हिवाळे त्यानं आपले रविवार नांदेडच्या एका ओळखीच्या केंद्रात काढले, पदरचा डबा नेऊन, आणि सीटी चालवायला शिकून आला. दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत तो पावलांनी खोली मोजून ठेवी. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. एकदा तरी त्या यंत्रापाशी उभं राहायचं, एवढंच मागणं.

यंदा हळद शिजायच्या दिवसांत ते मागणं अगदी दाराशी आलं. मंडळानं मोठा विस्तार ठरवला होता. नवी इमारत, सीटी स्कॅन, फोटोचं दुसरं यंत्र. पुण्याची एक संस्था पैसा द्यायला तयार होती. अट एकच. आधी त्यांचा माणूस येऊन बघेल की एवढा खर्च खरंच लागतोय का.

तो माणूस म्हणजे सोमेश्वर सर. मोठ्या दवाखान्यांत यंत्रं घेण्याच्या कामात त्यांचा जन्म गेला होता. आता निवृत्त. मूळचे याच जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातले, त्यामुळं गोड बोलून कुणी त्यांना फसवेल असा भाग नव्हता. आल्या आल्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना थंड खोलीत बसवलं, तर ते म्हणाले, मला त्या फोटोच्या खोलीबाहेरचं बाकडं द्या. तीन दिवस मुक्काम होता आणि तिन्ही दिवस ते तिथंच बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला गाव विचारत, चहा पीत. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्यांनी अशी किती यंत्रं पाहिली, ज्यांना पहिल्या दिवशी हार घातला आणि सहा महिन्यांनी त्यावर चादर टाकली. पुढं त्या चादरीवर मांजरी व्याल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी भीमराजच्या वह्या मागितल्या. भीमराजनं त्या मोठ्या ऐटीनं पुढं ठेवल्या, कारण तसं अक्षर सबंध कळमनुरी तालुक्यात कुणाचं नव्हतं. शिवाय शेवटच्या रकान्यात तो आपल्या मनानं एकेक ओळ लिही. 'बैलाने ढुशी दिली.' 'मळणीयंत्रात बोट.' 'सासऱ्याला वाचवताना विहिरीत.' सोमेश्वर सर एखादी गोष्टीची पोथी वाचावी तसे वाचत गेले, मधेच हसले. मग थांबले. दहा-बारा पानं मागं गेले, पुन्हा पुढं आले. आणि म्हणाले, "भीमराजभाऊ, तुमच्या मुलखात खोकला फक्त गड्यांनाच येतो का?"

भीमराजला प्रश्न कळला नाही. सरांनी बोट ठेवून दाखवलं. हातपायांच्या फोटोत बाया होत्या, पुष्कळ होत्या. छातीच्या फोटोंत पानंच्या पानं गेली तरी बाईचं नाव सापडत नव्हतं. भीमराज म्हणाला की आपल्याकडच्या बाया उघड्या रानात राबतात, छातीनं मजबूत असतात. सरांनी "असं" एवढंच म्हटलं आणि पान उलटलं. त्यांना जे मोजायचं होतं तेही त्यांनी मोजून घेतलं. यंत्र दिवसाला चाळीस फोटो काढू शकतं आणि बारा-तेराच काढतं.

ही बातमी संध्याकाळच्या आत धर्मसिंगच्या कानावर गेली. धर्मसिंग तांड्याचा नायक, मंडळाचा जुना सभासद, मिशा अशा की त्यावर लिंबू ठेवावं. सीटीसाठी सर्वांत जास्त गळा त्यानंच काढला होता. त्याला एवढंच कळलं की साहेब माणसं मोजून राहिलाय आणि माणसं कमी पडून राहिलीत. एवढ्या साध्या अडचणीवरचा उपाय त्याच्याकडं होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ट्रॅक्टरची ट्रॉली धडधडत दवाखान्याच्या आवारात शिरली. त्यात चाळीस माणसं, भाकरीची गाठोडी, पाण्याचे ड्रम. एकानं लंगडणारी शेळीही आणली होती, ट्रॉलीत जागा होती म्हणून. सारी माणसं उतरून फोटोच्या खोलीपुढं शिस्तीत रांगेला लागली. बाया तेवढ्या ट्रॉलीतच बसून राहिल्या. पहिल्याच म्हाताऱ्याला भीमराजनं काय दुखतं म्हणून विचारलं. म्हातारा म्हणाला, नायकाला विचारून सांगतो.

भीमराजच्या ध्यानात सारा प्रकार आला आणि त्याचे कान तापले. त्यानं धर्मसिंगला कोपऱ्यात घेतलं.

"नायक, किरण हाय हा, परसाद न्हाई. गरज नसताना अंगावर घ्यायचा नसतो."

"अरे बाबा, गर्दी दिसली पायजे का न्हाई? बस कोणत्या गावाला येती? जिथं मानसं उभी राहत्यात तिथं. मशीनचंबी तसंच."

"खोटी गर्दी साहेबाला कळत न्हाई काय? तो बघा, हासून राहिला."

सोमेश्वर सर बाकड्यावर चहाच्या पेल्याआड खरंच हसत होते. धर्मसिंगनं त्यांच्याकडं पाहून नमस्कार केला, जसा काही आत्ताच ते दिसले.

भीमराज मग आवाराच्या मधोमध उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला की ज्याला खरंच काही दुखतंय त्यानं तेवढं पुढं यावं, बाकीच्यांनी लिंबाखाली बसून भाकरी खावी. तीन गडी पुढं आले. शेळी मालकासकट परत गेली. ट्रॉलीतून एकही बाई हलली नाही. त्यात पुढंच धर्मसिंगची बायको नीलाबाई बसली होती, आणि ती पदराआड खोकत होती. तो खोकला भीमराज ओळखत होता. मकरसंक्रांतीला तिळगूळ घ्यायला तांड्यावर गेला होता तेव्हाही तो तिथं होता.

भीमराज तिला आईच्या जागी मानी आणि त्यांच्याच बोलीत याडी म्हणे. तो ट्रॉलीपाशी गेला आणि म्हणाला, याडी, ये, तुझा छातीचा फोटो काढू. तिनं मान हलवली. तो म्हणाला, दागिन्याची काळजी करू नको, माझी रीत तुला माहीत आहे, मी काही उतरवायला सांगणार नाही.

नीलाबाईनं खोकला आवरला. थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं. मग बोलली.

"दागिन्याचं काय घेऊन बसलास, भीमराज. तू चांगला मानूस हायेस. हातपाय कवाबी तुझ्यापुढं ठिवीन. पर छातीचा फोटू म्हनलं की काचळी सोडावी लागती. ती तुझ्यापुढं काहून सोडू?"

तिच्या अंगातली काचळी म्हणजे आरसे आणि कवड्या जडवलेली, पाठीवर बंद असलेली चोळी. फोटोत ती आली तर छाती दिसायच्या ऐवजी चांदण्या दिसतात.

भीमराज म्हणाला, "म्या मान फिरवून घेतो, याडी."

"तू मान फिरवशील," नीलाबाई म्हणाली. "माही मान कुठं फिरवू?"

ट्रॉलीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले आणि आतल्या आत हसल्या. जरा बाजूला औषधाच्या खिडकीपाशी गावातल्या दोघीतिघी उभ्या होत्या, त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, खरं बोलली बाई. तेवढंच. पण भीमराजला वाटलं की सत्तावीस वर्षं ज्या भिंतीला टेकून उभा होतो ती कुणी काढून घेतली. खजील झाला तो धर्मसिंगही. त्याची मिशी खाली आली. कोट्यवधींचं यंत्र मागायला त्यानं सारा तांडा गोळा करून आणला होता, आणि घरातला चार महिन्यांचा खोकला त्याच ट्रॉलीत गर्दी म्हणून बसवला होता.

सोमेश्वर सरांनी पेला खाली ठेवला आणि त्या वह्या पुन्हा उघडल्या.

संध्याकाळी भीमराज घरी आला तेव्हा पंचफुला अंगणात शिजलेली हळद पसरत होती. सारं अंगण पिवळंधमक, तिचे हात कोपरापर्यंत पिवळे. तो उंबऱ्यावर बसला आणि झालेलं सगळं सांगितलं. तिला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. ती हळद पसरत राहिली. मग म्हणाली की बाया तिला कधीपासून विचारतात, तुमचे मालक सुट्टीवर कधी असतात म्हणून.

भीमराज म्हणाला, "आन म्या सुट्टीवर असलो तर फोटू कोण काढणार?"

"तेच तर. त्या बिचाऱ्या तुमच्या सुट्टीच्या दिशी यायच्या आन कुलूप बघून माघारी जायच्या."

भीमराजला हसू आलं, आणि ते ओठावरच राहिलं. तू मला सांगितलं का नाहीस, असं त्यानं विचारलं. पंचफुलानं हात झटकले.

"सांगून काय झालं असतं? तुमी बाई थोडेच होनार हुता."

मग ती त्याच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, तुम्ही त्या खोलीला इतका जीव लावला की तिच्यात खोट काढायला माझी जीभ वळली नाही. मावळतीचा उजेड हळदीवर पडला होता आणि सारं अंगण आतून पेटवल्यासारखं दिसत होतं. भीमराजच्या डोळ्यापुढून वह्यांची पानं सरकत होती. ज्या बाया त्यात लिहिलेल्याच नव्हत्या, त्या आता त्याला दिसायला लागल्या. शेवटी तो म्हणाला, उद्या सकाळी माझ्याबरोबर येशील का. पंचफुला म्हणाली, हात धुवून येते.

तिसऱ्या दिवशी फोटोच्या खोलीत आतून एक जाड पडदा लागला. पडद्याच्या आत पंचफुला, आणि बटणापाशी, आडभिंतीमागं, पाठ करून भीमराज. मोठ्या डॉक्टरांची परवानगी त्यानं आधीच घेतली होती. बाईला साधं सुती वस्त्र पांघरायला द्यायचं, काचळी खुंटीला, घुगरी आणि चुडा जिथल्या तिथं, खांदे असे पुढं घ्यायचे की चुडा छातीवरून बाजूला जाईल. हे सारं तो पडद्याबाहेरून बोलत होता आणि पंचफुला आत करत होती. "हनुवटी वर. अजून. आता श्वास धरा, आन पंचफुला, तू बाहीर ये." नवरा-बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा एकत्र काम केलं, तेही एकमेकांचं तोंड न बघता.

रात्रीच निरोप गेला होता, त्यामुळं धर्मसिंगची ट्रॉली आजही बाया घेऊन आली होती. पहिली नीलाबाई. ती बाहेर आली, ट्रॉलीच्या दिशेनं नुसती मान हलवली, आणि बाया उतरल्या. दुपारपर्यंत खोकला-ताप असलेल्या सोळा जणींचे फोटो झाले. त्यात गावातल्या होत्या, केळी तोडायला आलेल्या मजूर बाया होत्या, दवाखान्यात झाडू मारणारी जनकाबाई होती, जी रोज तीच फोटोची खोली झाडायची आणि वर्षभर अंगातला ताप लपवून होती.

नीलाबाईचा फोटो संगणकाच्या पडद्यावर आला तेव्हा भीमराज खुर्चीवरून उठला. तांड्यावरच्या बाईची छाती त्यानं याआधी अशी पाहिलीच नव्हती. आरसे नाहीत, कवड्या नाहीत, नुसत्या बरगड्या, झाडाच्या फांद्यांसारख्या. आणि उजवीकडं वर एक डाग, ढगासारखा. डॉक्टरांनी बघितलं, थुंकी तपासायला पाठवली, आणि सांगितलं की क्षय दिसतोय, पण वेळेत आलीस, सहा महिने औषध घे, ठणठणीत होशील. धर्मसिंगनं ते दोनदा म्हणायला लावलं.

भीमराजला त्याच सकाळी, दोन फोटोंच्या मधल्या वेळात, अजून एक गोष्ट मोजायची होती. वह्यांतून त्यानं दोन वर्षांचे 'नांदेडला पाठवला' असे शेरे शोधून काढले. त्याच्या मनात असं होतं की रोज एकतरी डोक्याचा मार येतो. मन दुखरी गोष्ट दहा वेळा मोजतं. वहीत महिन्याला सहा निघाले. आणि त्या सहातले बहुतेक असे, ज्यांना पुढं डोक्याचं ऑपरेशन करणारा डॉक्टर लागलाच, म्हणजे नांदेड काही चुकलं नसतं. इथं सीटी काढण्यात उलट घटका-दोन घटका गेल्या असत्या. हे कळल्यावर तो मागच्या मोकळ्या जागेत जाऊन आला. पावलांनी मोजलेली ती खोली. तिथं आता एरंडाची झुडपं होती आणि त्यावर फुलपाखरं बसली होती.

दुपारी मंडळाची बैठक भरली. मोठ्या डॉक्टरांनी सीटीची बाजू नीट मांडली. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमेश्वर सर म्हणाले, मला फोटोवाल्यांचं ऐकायचंय. तुम्ही तर हे यंत्र स्वतःहून शिकून आलात म्हणे.

भीमराज उभा राहिला. सदऱ्याची बाही सारखी केली.

"सर, सीटी आता घेऊ नका," तो म्हणाला. "हौस माही हाय. खोकला बायांचा हाय."

मग त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. महिन्याला सहा माणसं, तीही पुढं जाणारच. त्यांच्यासाठी गाडी तयार असावी, नांदेडला आधी फोन जावा. दुसरं यंत्र मात्र हवं. पहिलं पुरत नाही म्हणून नाही, पहिल्यापाशी उभा राहणारा मी गडी आहे म्हणून. बायांच्या वॉर्डाच्या बाजूनं वेगळी खोली, तिला वेगळं दार, आणि त्या दारात बाई टेक्निशियन. माझं यंत्र निम्म्याहून जास्त रिकामं का, हे मला सत्तावीस वर्षं कळलं नाही. मी म्हणत होतो माणसं कमी आहेत. निम्मी माणसं दारातून वळून जात होती.

सगळे धर्मसिंगकडं बघायला लागले, कारण आता तो गरजणार हे ठरलेलं होतं. धर्मसिंग उठला आणि म्हणाला की मी भांडायलाच आलो होतो, पण नीलाबाईनं सांगितलंय की तिथं आवाज चढवलास तर रात्रीची भाकर तुझी तू थाप. म्हणून माझं मत भीमराजला. सभा खदखदून हसली.

मोठ्या डॉक्टरांनी मग खरी अडचण काढली. फाट्यावर राहायला तयार होणारी, शिकलेली बाई आणायची कुठून. धर्मसिंग उगाच मिशीला हात लावत होता. शेवटी घसा खाकरून म्हणाला की त्याची नात मिना संभाजीनगरात एका लॅबमध्ये फोटोच काढते. डिप्लोमा केलाय. तिला गावाकडं यायचंय, दोन वर्षं झाली ती तेच म्हणून राहिली.

"नायक, तुमी तर सांगत हुता ती डाक्टर हाय," कुणीतरी मागून बोललं.

"तांड्याला काय कळतंय टेक्निशियन म्हंजे," धर्मसिंग म्हणाला. "म्या सोपं करून सांगितलं."

सोमेश्वर सर तेवढं मात्र मोकळेपणी हसले. त्यांचा अहवाल तीन पानांचा झाला. सीटीला त्यांनी नकार दिला नाही, तीन वर्षांनी याच वह्या उघडून पुन्हा विचारावं असं लिहिलं. बायांच्या खोलीला, नव्या यंत्राला आणि बाई टेक्निशियनला होकार दिला. शेवटच्या ओळीत लिहिलं की या दवाखान्यात खर्चाचा हिशोब यंत्रापासून सुरू न होता परत गेलेल्या माणसापासून सुरू झाला, आणि असं त्यांनी आपल्या नोकरीत फार वेळा पाहिलं नाही. पंचफुलाला त्यातलं तिचं नाव असलेलं वाक्य भीमराजनं दोनदा वाचून दाखवलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

मंजुरी आली. पावसाळा संपता संपता भिंती उभ्या राहिल्या आणि दिवाळीनंतर मिना आली. तरतरीत पोरगी, पाठीवर लांब वेणी, खांद्याला बॅग, बोलणं शहरातलं पण नीलाबाईला हाक मारताना तांड्याचं. पुस्तकातलं तिला सगळं येत होतं. चुड्यातून हाड उचलायचं तेवढं येत नव्हतं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग भीमराजनं नीलाबाईकडून एक जुना चुडा मागवून घेतला आणि स्वतःच्या दंडापर्यंत चढवला. यंत्र बंद ठेवून तो त्याच्या उभ्या फळीला खांदा लावून उभा राही आणि मिना त्याचा हात कलता करी, खांदा वळवी, नेमकी फट शोधी. तो म्हणे, अजून दोन बोटं खाली, पोरी, हाडाला श्वास घेऊ दे. एकदा असाच चुडा भरून उभा असताना धर्मसिंग दारात आला. बघत राहिला. म्हणाला, भीमराज, तुला शोभून राहिलं रे. भीमराजनं चुडा वाजवून दाखवला.

खोली उघडायचा दिवस नारळ फोडण्यात गेला नाही, कारण सकाळी आठलाच बाया येऊन बसल्या होत्या. कुणी डोंगरकड्याहून जीपनं, कुणी माळावरून चालत. दारावर मिनानं आपल्या हातानं लिहिलेला कागद होता की आत फक्त बायांनी यावं. भीमराज सवयीनं आत निघाला, तर नीलाबाईनं त्याचा सदरा धरून त्याला मागं ओढलं. ती सहा महिन्यांचं औषध संपवून आली होती, अंगानं भरली होती, आणि आज खोकत नव्हती. तिनं सगळ्यांसमोर त्याला विचारलं, तुला वाचता येत न्हाई काय. बाया हसल्या. आपल्या दवाखान्यातल्या सर्वांत चांगल्या खोलीच्या दारातून भीमराज बाहेर काढला गेला, आणि एवढा आनंद त्याला कुठल्या मानाच्या खुर्चीवर झाला नसता.

तो आपल्या जुन्या खोलीत जाऊन बसला. नव्या खोलीतला फोटो तारेवरून त्याच्याही पडद्यावर दिसायची सोय होती. पहिला नीलाबाईचा आला. उजवीकडचा ढग गेला होता. आभाळ स्वच्छ होतं. त्यानं चष्मा काढून पुसला आणि मिनासाठी आखून ठेवलेल्या नव्या वहीत पहिल्या नावापुढं, शेवटच्या रकान्यात काय लिहावं याचा जरा विचार केला. मग ते त्यानं लिहिलं नाही. ती वही आता मिनाची होती, ओळही तिचीच असावी.

खिडकीतून त्याला रांग दिसत होती. सावली संपून ती उन्हात शिरली होती आणि एक लेकुरवाळी भिंतीला टेकून उभी होती. भीमराज उठला, ज्यावर सोमेश्वर सर तीन दिवस बसले होते ते बाकडं एका टोकानं उचललं, दुसऱ्या टोकाला धर्मसिंगला हाक मारली, आणि दोघांनी ते बायांच्या दारापाशी, लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवलं.